बूट घालून पोहायचं

पावसाळा लागला की कुठेतरी पोरं बुडतात आणि आपल्याकडचा ठरलेला वाद पेटतो. एक बाजू म्हणते, जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घालावी. दुसरी म्हणते, आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारल्या, कसले क्लास नि कसलं काय! नेदरलँड्समध्ये बसून हे वाचताना दोघांचाही राग येतो.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, मग मनाईचे आदेश निघाले. तिथे ते रास्तच. वरून लोंढा आला की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही पाय टिकत नाहीत. पण घरामागच्या शेततळ्यावर कोणता हवालदार उभा करणार?

शेततळ्यात घात करतं ते प्लास्टिकचं अस्तर. काठ उतरता, त्यावर शेवाळ. मूल काठापासून हातभरच लांब असतं, पण पाय रोवायला जागा नसते. चढतं, घसरतं, दमतं. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग आई. पोहता येणाराही तिथून बाहेर पडेलच असं नाही. जुन्या विहिरीला निदान पायऱ्या असायच्या. उपाय मात्र स्वस्त आहे. चारही बाजूंना अस्तराच्या बाहेर पक्के खुंट ठोकायचे, प्रत्येकाला अंगठ्याएवढा जाड नायलॉनचा दोर, फुटाफुटावर गाठ, आणि टोक तळापर्यंत सोडलेलं. टोक पाण्याच्या वरच संपलं तर उन्हाळ्यात पातळी उतरल्यावर दोर असून नसल्यासारखा. उन्हाने नायलॉन कडक होऊन तुटतो, म्हणून पावसाळ्याआधी ओढून बघायचा. शेजारी हवा भरलेली ट्यूब, तीही दोराला बांधलेली.

इकडे दारात स्लोट, म्हणजे पाण्याचा चर, असतो, कुंपण नसतं, म्हणून चार-पाच वर्षांच्या पोराला शिकवणीला घालतात. पोहण्याच्या परीक्षेच्या ए, बी, सी अशा तीन पायऱ्या. पहिल्या, ए डिप्लोमाला पँट, शर्ट आणि बूट घालून पाण्यात उतरायचं आणि आपलं आपण काठावर चढायचं. पोहण्याच्या कपड्यांत ५० मीटर पोटावर, ५० मीटर पाठीवर. शिवाय पाण्यात सोडलेल्या ताडपत्रीतल्या भोकातून पाण्याखालून पोहत जायचं: ए ला ३ मीटर अंतर, बी ला ६, सी ला ९. बुटांचा हट्ट उगाच नाही, अवचित पडणारं मूल पोहण्याच्या कपड्यांत पडत नाही. आपल्या मे महिन्याच्या बॅचमध्ये दांडी धरून पाय मारणं, मग कशीबशी एक आडवी रुंदी, की झालं. पाठीवर निवांत तरंगणं, म्हणजे दम खाणं, बहुतेकदा राहूनच जातं. दंडाला चढवायचे हवेचे पट्टे तर घसरतात, आणि त्यांच्या भरवशावर मोठ्यांची नजर हटते.

बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात पाणी दाबत राहतात, हाक मारायला श्वासच उरत नाही. तेव्हा उडी घेऊ नका. आडवं पडून काठी, ओढणी, रिकामा झाकणबंद कॅन, जे हाती लागेल ते पुढे करा. बाहेर काढल्यावर पालथं घालून पोट दाबण्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हेच चक्र. दाब छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत.

आता आपली झाकली मूठ. इथलं सक्तीचं शालेय पोहणं १९८५ लाच संपलं. शिकवणीचा खर्च आईबापाच्या खिशातून, आणि ज्यांच्या खिशात नाही त्यांची पोरं मागे पडतात. हे आम्ही तिकडच्या वादात सांगत नाही, कारण मग तोरा कसला मिरवायचा? आणि शिकवणीच्या वेळी पोहण्याच्या तलावाच्या काचेआड कॉफी घेऊन बसलेल्या मराठी आईबापांत कितीतरी जणांना स्वतःला पोहता येत नाही. घरासमोरचा कालवा डच, भीती अजून आजोळच्या विहिरीची. पोरगं पाण्यात पडलं तर काठावर उभं राहून आपण मराठीतच ओरडणार.

सुट्टीत ही सी डिप्लोमावाली मुलं आजोळी जातात आणि शेततळ्यावर खेळतात. देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण पैसे पाठवतोच. चार खुंट आणि चार दोरांना त्याहून कितीतरी कमी लागतात.