आधी गाद्या, मग सर्टिफिकेट

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय पेटला आहे. समाजमंदिरात पोरापोरींसाठी ज्युदोचा वर्ग काढावा, वर्गणी करून गाद्या घ्याव्यात, असं काही तरुण शिक्षकांनी सुचवलं. निमित्त लिंथोई चनंबमचं. मणिपूरच्या या मुलीनं २०२२ साली बोस्नियातल्या साराजेव्होच्या जागतिक कॅडेट (१५ ते १७ वर्षं) स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं. ज्युदोच्या जागतिक अजिंक्यपदात, कुठल्याही वयोगटात, भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. २०२५ मध्ये पेरूतल्या लिमाला जागतिक स्पर्धेच्या ज्युनिअर गटात तिनं कांस्यही घेतलं. तिचा फोटो ग्रुपवर फिरला आणि गावात दोन तट पडले. कुस्तीची तालीम असताना हे जपानी खूळ कशाला, असं जुनी मंडळी म्हणतात. बाकीच्यांच्या मनातलं एका काकांनी एका ओळीत विचारलं, "याचे दहावीले मार्क भेटतात का?"

मी जर्मनीत राहतो, त्यामुळे माझं मत विचारायच्या आधीच "तुमचं बरं आहे भाऊ" असं उत्तर आलं. ते खरंच आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारं, सगळी भिस्त पावसावर. अशा कास्तकाराच्या घरात एक पोरगा पोलिसात लागला तर सगळं घर सावरतं. दहावी-बारावीला खेळाचे २५ पर्यंत मिळणारे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण ही तिथं चैन नाही. काकांचा प्रश्न मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही.

पण तो प्रश्न पहिला आला की पुढचं सगळं बिघडतं. स्पर्धेच्या आठवडाभर आधी पोरं गोळा करायची, वजनगटात गर्दी कुठं कमी ते बघून नाव घालायचं, कागद हाती आला की खेळ संपला. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. त्यात खरं घाम गाळणारं पोरगं मागं पडतं, याचा मला संताप येतो.

इथं जर्मनीतल्या आमच्या लहानशा गावात नगरपालिकेचा एक हॉल संध्याकाळी क्लबला मिळतो. शिकवणारी बाई दिवसा औषधांच्या दुकानात काम करते. सात-आठ वर्षांची पोरं गाद्या स्वतः ओढून आणतात, कडेला कड जुळवतात, फट राहिली तर पायानं दाबून बसवतात. मग कितीतरी वेळ नुसतं पडायला शिकतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि पाठ टेकताच तळहात गादीवर सपकन. या पडण्याला उकेमी म्हणतात आणि ते अंगात मुरेपर्यंत कोणी कोणाला उचलून टाकत नाही. बर्लिनला कॅडेटांचा युरोपियन कप मी पाहिला आहे. १५ ते १७ वर्षांची मुलं, चार मिनिटांची लढत. कित्येक जण पहिल्याच फेरीत हरतात. आमच्या क्लबमधून गेलेला मुलगाही हरला आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा गाद्या ओढायला हजर होता, कारण त्याच्या सरावाचं दार त्या एका निकालावर बंद होणार नव्हतं.

परदेशातलं सगळंच उचलावं, असं मी म्हणत नाही. ज्युदोचं माहेर जपान, पण तिथल्या महासंघाला २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद करावी लागली. जिंकण्यापायी कोवळ्या पोरांचं वजन उतरवलं जात होतं, पालक पंचांवर ओरडत होते. लिमाचं स्वप्न दुसरीतल्या पोराच्या डोक्यावर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता कुस्ती. धोबीपछाड ज्याला येते, त्याला ज्युदोतला सेओइ-नागे, म्हणजे खांद्यावरून फेकायचा डाव, परका वाटणार नाही. शिवाय व्यायामविद्येत बाहेरच्या जगाचं वावडं वऱ्हाडला कधी नव्हतं. १९१४ मध्ये उभं राहिलेलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये आपले खेळ दाखवायला थेट बर्लिनला गेलं होतं. तालमीशी माझं भांडण नाही. पण आमच्या तालमीच्या मातीत आजवर एकही मुलगी उतरलेली नाही आणि ते बदलायला कोणी तयारही नाही. माझ्यासाठी ज्युदोच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. समाजमंदिरात मुली पहिल्या दिवसापासून येऊ शकतील.

खर्चाचा बाऊ चालला आहे म्हणून हिशेब मांडतो. सरावाला आठ बाय आठ मीटर जागा पुरते. दोन बाय एक मीटरच्या, चार सेंटिमीटर जाडीच्या ३२ गाद्या लागतील. वर्गणीत माझा वाटा मी घालतोच. पण त्याआधी तीन गोष्टी ठराव करून लिहून घ्या. शिकवायला बाई मिळेल का ते अमरावतीत विचारा, मुलींच्या पालकांचा निम्मा विरोध तिथंच मावळेल. पहिली दोन वर्षं कोणालाही स्पर्धेला पाठवू नका. आणि लग्नसराईत समाजमंदिर भाड्यानं जाईल तेव्हा वर्ग कुठं भरेल, त्या गाद्यांवर पंगत बसणार नाही हे कोण बघेल, त्या माणसाचं नाव आत्ताच ठरवा.