‘शंभर अधिक वय’ हे बीपी नॉर्मल नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो आहे. त्यात तीन दावे आहेत : शंभरात वय मिळवलं की येणारं बीपी नॉर्मल, घरचं मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, म्हणून ते बिनकामाचं, आणि बीपी उतरलं की गोळी थांबवावी, नाहीतर तिची सवय लागते. माझ्या आईने हा मेसेज वाचून गोळी बंद केली होती, म्हणून हे लिहितोय.

वय वाढतं तशा रक्तवाहिन्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, हे खरं आहे. पण एखादी गोष्ट सर्रास आढळते म्हणून ती निरोगी ठरत नाही. एकेकाळी बरेच डॉक्टरही वाढतं बीपी वयाचा भाग मानून सोडून देत. १९९१ साली ‘शेप’ या बीपीच्या औषधांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. साठीपुढच्या, वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त पण खालचा ९० च्या आत असलेल्या लोकांना उपचार दिले, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. २००८ च्या ‘हायव्हेट’ चाचणीत सगळे ऐंशी आणि त्यापुढचे होते. तिथेही उपचार घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. मेसेजच्या हिशोबाने मात्र ऐंशीच्या माणसाला १८० चालतं.

आता मशीनचं. आकडा बदलतो, कारण बीपीच क्षणाक्षणाला बदलतं. शिवाय आपण मोजतो कसं, तेही बघा. आई जिना चढून आली, स्वेटरच्या बाहीवरच पट्टा गुंडाळला, हात मांडीवर सोडला आणि फोनवर बोलत बटण दाबलं : १६२. मी तिला पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसवलं. उघड्या दंडाला पट्टा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. या वेळी १४४, मिनिटभराने १४०. मशीन तेच. हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला तरी सात-आठ अंक उगाच वाढतात. दंडाला लहान पडणारा पट्टाही आकडा फुगवतो, लघवी तुंबलेली असली तरी तेच. म्हणून आठवडाभर सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दोन-दोनदा मोजावं, पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. घरी ही सरासरी १३५/८५ किंवा त्यापुढे गेली, तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यात दडपणाने बीपी चढणारे खूप असतात. उलट तिथे ठीक आणि घरी वाढलेलं, असेही असतात. हे दुसरे घरी मोजल्याशिवाय सापडत नाहीत.

तिसऱ्या दाव्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. गोळीमुळे उतरलेलं बीपी गोळी थांबवली की बहुतेकांचं पुन्हा चढतं. याला सवय लागणं म्हणत नाहीत. मूळचा आजार तिथेच असतो, गोळीने तो आवरून धरलेला असतो. काही औषधं, उदाहरणार्थ क्लोनिडिन, एकदम सोडली तर बीपी उसळी मारतं. उलट्या बाजूची घाईही नको : अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध रोज घेतलं तरी रक्तातली त्याची पातळी स्थिरावायलाच आठवडाभर लागतो, पूर्ण परिणाम कळायला त्याहून जास्त. चौथ्या दिवशी ‘हे औषध लागू पडत नाही’ म्हणणं चुकीचं. गोळी कमी करता येतच नाही असंही नाही. वजन आणि मीठ कमी केल्यावर काहींचा डोस उतरतो, पण तो डॉक्टर आकडे बघून उतरवतात.

आईला उठताना चक्कर यायची, म्हणूनही तिला गोळी नको होती. डॉक्टरांनी बसून आणि मग उभं करून बीपी मोजलं, उभं राहिल्यावर ते बरंच पडत होतं. त्यांनी गोळी बदलली. चक्कर थांबली, आणि आता ती वहीत रोजचे आकडे स्वतः लिहिते.