‘लेगसी’ म्हणे!

काल रात्री साडेअकराला मेल आला. साडेतीन महिने वाट बघत होतो, म्हणून चष्मा न लावता अंथरुणातच उघडला. ‘प्रिय ग्राहक, आमच्या परिवारात आपलं स्वागत.’ अरे, मी अकरा वर्षं आहे या परिवारात, कंपनी विकत घेऊन नवीन तुम्ही आलाय! पुढं काय, तर आपलं रेग्युलेटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगला पाण्याखाली सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र, आता ‘लेगसी प्रॉडक्ट’ झालंय, त्याचं सर्व्हिस किट यापुढं निघणार नाही, मात्र नवीन मॉडेलवर आपल्याला पंधरा टक्के सूट. खाली एक हसरी बाई, तोंडात स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी. स्नॉर्केल तोंडात धरून हसता येत नाही, हे फोटो काढणाऱ्यालाही माहीत नाही आणि कंपनी घेणाऱ्यालाही नाही.

लेगसी. आमच्याकडं आजीची ठुशी आहे, तिला आम्ही वारसा म्हणतो आणि बँकेच्या लॉकरात ठेवतो. यांच्याकडं लेगसी म्हणजे भंगार. फक्त इस्त्री करून दिलेलं.

मागितलं काय होतं मी? चार ओ-रिंगा म्हणजे रबरी कड्या, एक फिल्टर आणि एक हाय प्रेशर सीट. सीट म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षा लहान चकती. ओ-रिंगांचं मी बघून घेतो, त्या मापावर मिळतात. इथं सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळ एक दुकानदार आहे, कॅलिपर लावतो आणि हातात ठेवतो. “कुठल्या कंप्रेसरची वो?” म्हणाला. श्वास घ्यायच्या, म्हटलं. त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि पैसे आधी घेतले. पण सीट ज्या त्या कंपनीचीच लागते. सिलिंडरमधली 200 बार दाबाची हवा नऊ-दहा बारवर उतरते ती त्या चकतीच्या तोंडावर. ती झिजली की दाब हळूहळू चढत राहतो आणि सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, फुसफुसायला लागतो. एका चकतीपायी अख्खं धूड कपाटात.

मुंबईच्या डीलरला फोन केला. “सर, डिस्ट्रिब्युटर चेंज झालाय.” नव्या डिस्ट्रिब्युटरला केला. “सर, हे जुन्या मॅनेजमेंटचं आहे.” जुनी मॅनेजमेंट कुठाय? “सर, ते तर विकून गेले.” आणि खोक्यावर छापलंय ते, पार्ट्स फॉर लाइफ? “सर, ती स्कीम ओरिजिनल कंपनीची होती.” म्हणजे लाइफ माझं नाहीच, त्यांचं! त्यांनी लवकर मरायचं ठरवलं, हिशोब मिटला. आणि प्रत्येक वाक्याला तो ‘सर’. एकदा जरी ‘अहो’ म्हणाला असता तर मी फोन शांतपणे ठेवला असता.

कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढं येणाऱ्यांपैकी ती नाही एवढं समजा. पण दुखणं घरोघरचं आहे. डेकॉर आठवतं का कुणाला? डायव्हिंगच्या सामानातलं अमेरिकेतलं जुनं, दणकट नाव. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हेड कंपनीनं घेतलं, आपल्याच मारेस ब्रँडशेजारी मांडलं आणि काही वर्षांत दिवा विझवला. आज ज्याच्याकडं डेकॉर आहे तो जुन्या बाजारात दुसऱ्याच्या मेलेल्या डेकॉरचे अवयव शोधत फिरतोय. ॲक्वालंग तर आद्य घराणं. 1943 मध्ये फ्रेंच पाणबुड्या कुस्तोबरोबर श्वासाचा तो व्हॉल्व बनवणारा गान्याँ हा एअर लिक्विड या फ्रेंच गॅस कंपनीचाच इंजिनिअर, आणि पुढं सत्तर वर्षं कंपनी एअर लिक्विडकडंच. 2016 मध्ये ती गेली मोंटॅग्यू नावाच्या खासगी गुंतवणूक फंडाकडं. 2025 मध्ये घेतली कुणी? परत हेडनंच. टेनिसची रॅकेटवालं हेड हो, तेच! मारेस त्यांची, पोहायला-बुडायला शिकवून कार्ड देणारी एसएसआय त्यांची, आता ॲक्वालंगही त्यांची. पंगतीला वाढपी, आचारी आणि किराणावाला एकच. पोळी करपली तर सांगायचं कुणाला?

डायव्हिंगचीच ओशॅनिक 2017 मध्ये ह्यूश या दुसऱ्या कंपनीकडं गेली. फिनलंडची सून्टो, 1936 पासूनची होकायंत्रवाली, 2022 मध्ये चिनी लिशेंगकडं गेली. तिचं घड्याळ अजून झकास चालतंय, आत्ता माझ्या मनगटावरच आहे. माझा राग सुसंगत असलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? डायव्हिंगचं सामान करणारी स्कूबाप्रो तर ज्या जॉन्सन घराण्याचं डासांचं ऑल आऊट, त्याच घराण्याच्या दुसऱ्या कंपनीकडं आहे. आणि तिच्या जुन्या मार्क फाइव्ह रेग्युलेटरचे भाग अजून मिळतात. म्हणजे मनात आलं तर जमतंय की!

मालक बदलणं म्हणजे काय हे सोलापूरकराला कुणी शिकवू नये. आमचे आजोबा गिरणीत होते. मालक बदलला तेव्हा फाटकावरचा बोर्ड तोच, भोंगा तोच, ग्रॅच्युइटीची फाइल तेवढी ‘जुन्या व्यवस्थापनाकडं’. आजोबा गेले, फाइल अजून तिकडंच आहे. आईच्या मिक्सरचंही तसंच. नाव तेच, खोकं तेच, नवीन भांडं जुन्या मोटरवर बसत नाही, आटे अर्ध्या सुताने हलवलेत. हे अर्धं सूत हलवायला माणूस पगारावर ठेवतात की काय!

आणि एक. समोरचे काका प्रत्येक वेळी विचारतात, “काय, ऑक्सिजनचं मशीन का?” नाही हो काका. साधी हवा असते. तुम्ही ओढताय तीच, दाबून भरलेली. अकरा वर्षं सांगतोय.

सकाळी हे सगळं बायकोला तावातावानं ऐकवत होतो. ती ड्रमावर झाकण ठेवत होती. म्हणाली, “अहो, नळाला पाणी पाचव्या दिवशी. समुद्र इथून एक दिवसाचा प्रवास. वर्षातनं चार दिवस तुम्ही पाण्याखाली, त्यातला एक दिवस लाटा आहेत म्हणून बोट जात नाही. आणि ते मशीन माझ्या साड्यांच्या कप्प्यात.” यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, “काय करलालास बे, विहिरीत उडी मार की सरळ.”

दिवाळीनंतर मालवणला जायचंय. तिथं भाड्याचं घ्यावं लागणार. चालतं तसं व्यवस्थित, पण माउथपीसवर आधीच्या पन्नास जणांचे दात उमटलेले असतात आणि मला शाकाहारी माणसाचं कधीच मिळत नाही.

सूट रविवारपर्यंत आहे. मी लिंक उघडली नाही. म्हणजे उघडली, पण फक्त रंग बघितले.