मूळचे गुहागरचे

आमच्या तीन पिढ्या पुण्यात गेल्या, तरी कुणी गाव विचारलं की मी "आम्ही मूळचे गुहागरचे" असंच सांगतो. त्या 'मूळचे'ला आजवर काही खर्च नव्हता. गेल्या उन्हाळ्यात आला.

माझा शाळूसोबती बंड्या इंग्लंडात स्थायिक झालाय. तिथे चौघांत मिळून त्याने एक ३६ फुटी शिडाची होडी घेतलीय. ती पोर्तुगालमध्ये पोर्तोहून लिस्बनजवळच्या कश्काइशला न्यायची होती आणि ऐन वेळी दोन माणसं गळाली. "तू ये की! तू तर काय, गुहागरचा!" मी गुहागरला एकूण दोनदा गेलोय. दोन्ही वेळा मोदक खाऊन दुपारभर झोपलो होतो. पण हे सांगायचं कसं? शिवाय सौ. शेजारीच उभी होती. तिचं माहेर नागपूर. समुद्र म्हणजे तिला अंबाझरी तलावाची जरा मोठी आवृत्ती. ती म्हणाली, "अहो, जाऊया ना!"

पोर्तो ते लिस्बन रेल्वेने तीनेक तास लागतात. आम्हाला पाच दिवस लागणार होते. ताशी ५ सागरी मैल म्हणजे साधारण ९ किलोमीटर. लिमयेवाडीतले आजोबा सायकलवरून याहून जोरात जातात. पण त्यांच्या सायकलखाली रस्ता स्थिर असतो.

या किनाऱ्यावर उन्हाळाभर उत्तरेचा वारा असतो. त्याला 'नोर्तादा' म्हणतात. सकाळी तो गाढ झोपलेला, समुद्रावर धुकं, होडी इंजिनवर टकटक करत चाललेली. जेवणं होतात न होतात तोच हा उठतो. आमच्याकडे दुकानं ज्या वेळी बंद होतात, नेमक्या त्याच वेळी हा आपलं उघडतो आणि अंधार पडेपर्यंत चालवतो. आम्ही दक्षिणेला निघालेलो, म्हणजे वारा पाठीशी. "मस्तच की," मी म्हणालो. पाठीशी वारा असला की लाटाही पाठीशी असतात आणि होडी डावी-उजवी अशी डुलते की तान्ह्या बाळानेही पाळणा थांबवायला सांगावं. फिगेरा द फोशला पोहोचेपर्यंत मी बाकीच्यांशी फक्त बादलीतूनच बोलत होतो.

या वाऱ्याचा आणखी एक पराक्रम. तो वरचं कोमट पाणी समुद्रात लांब ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात पाणी १६-१७ अंश! मासळीला ते मानवतं म्हणे. त्यात मी फक्त तोंड धुतलं, तेही एकदाच.

होडीतल्या संडासाबद्दल थोडक्यात: हातपंप आहे, किमान वीस वेळा मारायचा, आणि मारताना धरायला तिसरा हात लागतो.

दुसऱ्या दिवशी बंड्याने मला कामाला लावलं. २०२० पासून इथल्या ओर्का (म्हणजे 'किलर व्हेल') होड्यांच्या सुकाणूंना धडका देतात, कधी तुकडेही पाडतात. का, यावर जाणकारांचं एकमत नाही. खेळ असावा असा बऱ्याच जणांचा कयास. (आमच्या सोसायटीतली मुलं गाड्यांचे आरसे फोडतात, त्यावरही हेच सांगितलं जातं.) म्हणून किनाऱ्यालगत उथळ पाण्यातून जायचं. पण उथळ पाण्यात कोळ्यांनी खेकड्यांचे आणि ऑक्टोपसचे सापळे टाकलेले. त्यांच्या दोऱ्यांना वर नारळाएवढे तरंगते बोये. दोरी होडीखालच्या पंख्यात अडकली की इंजिन बंद. एकीकडे सुकाणू जाणार, दुसरीकडे पंखा. मी पुढच्या टोकाला कठडा कवटाळून धुक्यात बोये शोधत उभा. मला त्या दिवशी दिसले एकूण चार बोये. त्यांतले दोन सीगल निघाले.

दुपारी होडी धुवायला पाणी काढावं म्हणून मी बादली दोरीने समुद्रात सोडली. चालत्या होडीतून भरलेली बादली खेचणं आणि चालत्या पीएमपीला मागून धरणं यात फरक नाही. दोरी गेली, बादली गेली, माझा एकमेव आधार गेला.

संध्याकाळी नाझारेला लागलो. जेजुरीजवळच्या नाझरे धरणाशी याचा काही संबंध नाही, मी विचारून घेतलं. समुद्रतळाशी किनाऱ्यापर्यंत आलेल्या खोल दरीमुळे हिवाळ्यात इथे राक्षसी लाटा उठतात. २९ ऑक्टोबर २०२० ला सेबास्टियन श्टॉइडनर हा जर्मन सर्फर फळीवर उभा राहून २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवरून घसरत आला. तिथल्या किल्ल्यात अशा वीरांच्या फळ्या मांडून ठेवल्यात. मी त्या भिंतीला धरून पाहिल्या, कारण जमीन डुलत होती. किनाऱ्यावर बायका जाळीवर मासे वाळवत बसल्या होत्या. तो वास आला आणि मी जाहीर केलं, "अगदी आमच्या गुहागरसारखं!" बंड्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग बादलीचा शोध. दुकानदारीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मी हातांनी गोल केला, कडी उचलल्याचं दाखवलं, शेवटी ओकून दाखवलं. त्यांनी मला औषधाच्या दुकानाचा रस्ता दाखवला. हताश होऊन मी सौ.ला म्हणालो, "बादली कशी सांगायची आता यांना?"

"बाल्द?" बाई म्हणाल्या. "आ, बाल्द!" आणि आतून निळी प्लास्टिकची बादली घेऊन आल्या.

म्हणजे शब्द यांचाच! पाव, बटाटा, चावी, पगार आणि बादली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी यांच्याकडून वसई घेतली. बादली आपण त्याआधीच ठेवून घेतली होती. मी किंमत न करता पैसे दिले. पुणेकराने एवढं करणं म्हणजे भरपाईच.

कश्काइशपर्यंत ती बादली माझ्या मांडीवर होती. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, काबो द रोका, मी तिच्या कडीतून पाहिलं. सुकाणू सौ.कडे. दुपारच्या नोर्तादात, पदर नसताना पदर खोचल्यासारखी उभी राहून, तिने होडी धक्क्यापर्यंत आणली. बंड्याने नुसते दोर टाकले. शेजारच्या होडीतले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ टाळ्या वाजवत म्हणाले, "बाई, कुठे शिकलात हे?"

ती सहज म्हणाली, "शिकायचं काय त्यात? आम्ही मूळचे गुहागरचे."

मी बादली रिकामी करायला गेलो.