भरण्याआधी हिशेब तर मागा

‘जास्त जमा झालेलं कुटुंब निवृत्तिवेतन परत मागितलं तर भरण्यावाचून गत्यंतर नाही’ हे लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. असं सरसकट नाही हो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये रफीक मसीह प्रकरणात सांगितलंय की निवृत्तांकडून, वर्ग 3 आणि 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, किंवा आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चुकीने रक्कम दिली गेली असेल तर वसुली करता येत नाही. चूक बँकेची किंवा कार्यालयाची, आणि निस्तरायची विधवेनं?

माझ्या मामींचंच घ्या. मामा गेल्यावर वाढीव दराने पेन्शन सुरू झाली. तो दर ठरावीक मुदतीपुरता, पुढे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, मुदत संपण्याची तारीख स्वच्छ छापलेली, पण बँकेत कुणी ती पाहिलीच नाही आणि वाढीव दरच चालू राहिला. काही वर्षांनी एकदम वसुलीचं पत्र आलं, लगेच खात्यातून कपात सुरू. ना सुनावणी, ना हिशेबाचा तक्ता. लेखी हरकत देऊन महिनावार हिशेब मागितला तेव्हा कपात थांबली. प्रकरण अजून मिटलेलं नाहीये.

खरी मेख हमीपत्रात आहे. पेन्शन सुरू होताना ‘जादा रक्कम परत करीन’ यावर सही घेतात, आणि 2016 च्या जगदेव सिंग निकालात अशा हमीपत्राला न्यायालयाने वजन दिलंय. म्हणून आधी त्याची प्रत मागा. उलट मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2020 मध्ये एका वृद्ध पेन्शनरची कापलेली रक्कम बँकेला परत करायला लावली. ही बाजू लेखात का गाळली, कळलं नाही.