‘स्पंज म्हणजे बिल वाढवायचा धंदा’: एका फॉरवर्डला उत्तर

गावाकडच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर छातीतला जोड, म्हणजे कापून पुन्हा शिवलेली जागा, गळाला, तर डॉक्टरनं बिघडवलं समजा. मग ते नाकातून स्पंज घालून मशीन लावतात, दर चार दिवसांनी दुर्बीण टाकतात. हा सगळा प्रयोग आणि बिल वाढवायचा धंदा. खरा इलाज एकच, पुन्हा उघडून टाके घालणं. ते नको असेल तर पेशंट घरी आणा, थोडी थोडी पेज पाजा, आपोआप भरून येतं.

शेवटचं वाक्य जीव घेणारं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

श्वास आत घेताना छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. जोडाला भोक असेल तर वरून जे येईल ते त्या दाबानं छातीत ओढलं जातं. तोंडानं काहीही दिलं नाही तरी माणूस दिवसाकाठी लिटरभराच्या आसपास लाळ गिळतो, आणि लाळेत जंतू असतातच. त्यात पेजेची भर पडली की दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत पू साठतो, ताप चढतो, नाडी पळते, धाप लागते. ‘घोटभर पाण्यानं काय होतंय’ म्हणत घरचंच कुणीतरी रात्री पेला पुढं करतं, हे इकडच्या वॉर्डांत नवं नाही. वर युक्तिवाद असा, की डॉक्टरांनीच तर सकाळी निळं पाणी पाजलं होतं! ते पाजतात गळती शोधायला. छातीत साठलेलं बाहेर काढायला लावलेल्या नळीच्या बाटलीत निळा रंग उतरला की खात्री पटते. पेशंटला उपाशी कुणी ठेवत नाही. पोटातून थेट लहान आतड्यात सोडलेल्या नळीनं पातळ अन्न चालू असतं.

मग ‘आमच्याकडं एकाचं आपोआप भरलं’ असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. काही ऑपरेशनांत जोड मानेत असतो. तो गळाला तर बहुतेक वेळा मानेची जखम थोडी उघडून पू बाहेर वाट काढतो आणि हळूहळू भरतं. छातीतल्या पुवाला ती वाट नसते. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं दोन्ही एकाच मापात घातलं.

डॉक्टरची चूक? कधी असतेही. पण अनुभवी केंद्रांतही शंभरातल्या साधारण दहा ते वीस जणांचा जोड गळतो. काढलेल्या अन्ननलिकेच्या जागी जठराची लांब नळी करून वर ओढतात. त्यासाठी जठराच्या बऱ्याच रक्तवाहिन्या तोडाव्या लागतात, मुख्य भार उजव्या बाजूच्या एका धमनीवर राहतो, आणि जोड येतो नेमका त्या नळीच्या टोकाशी, जिथं रक्त सर्वांत कमी पोचतं. त्यातून आपला पेशंट वर्षानुवर्षं तंबाखू-गुटखा खाल्लेला, घास अडकतो म्हणून कित्येक आठवडे पातळावर राहून वाळलेला, बरेचदा शुगरवाला.

आता स्पंज. छिद्राछिद्रांचा पॉलियुरेथेनचा तुकडा नळीच्या टोकाला बांधून दुर्बिणीनं गळतीच्या पोकळीत किंवा जोडासमोर बसवतात. नळीचं दुसरं टोक नाकातून बाहेर काढून सक्शनला जोडतात. दाब साधारण उणे १२५ मिलिमीटर पारा. लाळ आणि पू सतत बाहेर ओढला जातो, पोकळी आक्रसते, तळाशी नवं लालसर मांस धरायला लागतं. नुसती जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, घालून भोक झाकलं तर पलीकडचा पू आतच राहतो. त्यासाठी वेगळी वाट काढावी लागते. शिवाय स्टेंट सरकतो. शुगरनं चिघळलेल्या पायाला व्हॅक, म्हणजे जखमेवर स्पंज बसवून मशीननं पू ओढणारं साधन, लावलेला इकडं अनेकांनी पाहिलाय, तत्त्व तेच.

दर तीन ते पाच दिवसांनी दुर्बीण लागते, कारण मांस स्पंजाच्या छिद्रांत शिरतं. उशीर केला तर काढताना ते फाटून रक्त येतं. प्रत्येक वेळी पोकळी किती आक्रसली तेही दिसतं. हे दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त चालतं.

प्रयोग? जखमांवरच्या व्हॅकचे अमेरिकेतले मूळ लेख १९९७ चे. जर्मन डॉक्टरांनी तो आधी गुदाशयाच्या गळतीत वापरला आणि २००८ च्या सुमारास अन्ननलिकेत. तेव्हापासून छापून आलेल्या बहुतेक अनुभवांत शंभरातल्या ऐंशीच्या वर गळत्या भरल्या. मात्र यातले बरेच अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत, हेही सांगायला हवं. धोकेही आहेत: स्पंज सरकतो, पुढं जोडाशी अन्नाची वाट आवळू शकते, आणि पोकळी महाधमनीला लागून असेल तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

पुन्हा उघडणं कधी लागतंच. वर ओढलेलं जठर काळं पडलं असेल, किंवा पू छातीभर पसरला असेल, तर स्पंजावर वेळ घालवू नये. पण सुजलेल्या, पुवानं भिजलेल्या भागात नवे टाके धरत नाहीत. म्हणून दुसऱ्या ऑपरेशनचा अर्थ कधी कधी जोड सोडवून अन्ननलिकेचं वरचं टोक लाळेसाठी मानेवर उघडणं असाही होतो. हे फॉरवर्डमध्ये नाही.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. आयसीयू, वारंवार दुर्बीण, तयार किट महाग. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी साधी नाकातली नळी, गॉझ आणि चिकट फिल्म वापरून स्वस्तातला प्रकार केला आहे. तुमच्या डॉक्टरला त्याबद्दल विचारायला हरकत नाही. महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि काय पॅकेजबाहेर जातं, ते आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या.

सोय जवळ नसेल आणि संभाजीनगर, बार्शी, पुणे किंवा हैदराबाद गाठायचं ठरलं, तर निघण्याआधी फोनवर विचारा की तिथं स्पंज बसवणारा दुर्बिणीचा डॉक्टर आणि छातीचा सर्जन दोघं आहेत का. सोबत ऑपरेशनची नोंद, सीटीची सीडी आणि छातीच्या बाटलीत रोज किती, कोणत्या रंगाचं आलं त्याचा तक्ता घ्या. नाहीतर पहिला दिवस त्याच तपासण्या पुन्हा करण्यात जातो.