तपकिरी

"मामा, तू अजून मेम्ब्रेनवर टाइप करतोस?" भाच्याने विचारलं. "अजून रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करता?" असं विचारताना आवाजात जी काळजी असते, तीच त्यात होती.

माझा धंदा भाषांतराचा. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन यांच्या खोक्यात जी पुस्तिका येते आणि जी कोणीही वाचत नाही, ती मराठीत मी लिहितो. गेली अकरा वर्षं एकाच चारशे रुपयांच्या मेम्ब्रेन कीबोर्डवर, म्हणजे ज्यात सगळ्या बटणांखाली रबराचा एकच पडदा असतो त्यावर. त्यावरची निम्मी अक्षरं पुसली गेली होती, तरी माझी तक्रार नव्हती. सदाशिव पेठेत एखाद्याची तक्रार नसणं जरा संशयास्पदच. भाच्याने ती उणीव भरून काढली.

पुढच्या रविवारी तो पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी घेऊन आला. तिच्यावर नऊ स्विच. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, त्यात स्वतःची स्प्रिंग असते, आणि जर्मनीतल्या चेरी कंपनीने पाडलेल्या रिवाजाप्रमाणे त्याचा स्वभाव रंगावरून ओळखायचा. हे ज्ञान मला पोहे खाताना मिळालं. मी निळा दाबला. आजोबांचा अडकित्ताच! आतून आवाज आला, "सुपारी कोण कातरतंय?"

"निळे फक्त नवशिके घेतात," भाचा म्हणाला.

लाल दाबला. बोट लोण्यातून गेल्यासारखं खाली गेलं. मग तपकिरी दाबला. अर्ध्या वाटेत बारीकसा उंचवटा लागला, जणू जिना उतरताना कोणी हळूच सांगावं, पायरी आहे हं. मला तो आवडला.

"हा बरा आहे."

"ब्राऊन?" त्याने चमचा खाली ठेवला. "मामा, ब्राऊन म्हणजे लालमध्ये वाळू पडलेली. कोणी घेत नाही."

"कोणी म्हणजे कोण?"

"सगळे."

खरी मिसळ कुठली, या प्रश्नावरून सख्ख्या मेहुण्याशी मी तीन महिने अबोला धरलेला माणूस आहे. पण स्वतःच्या बोटांच्या बाबतीत तेवीस वर्षांच्या पोरापुढे मी गप्प बसलो. 'सगळे' या शब्दात काय ताकद असते कोण जाणे.

कीबोर्ड आला. ॲल्युमिनियमचा, वरवंट्याइतका जड, लालच्या जातीतले चौऱ्याऐंशी गुळगुळीत स्विच. किंमत घरात सांगितलेली नाही, त्यामुळे इथेही सांगत नाही. बटणांवर इंग्रजीखाली जपानी अक्षरं होती. मराठी मिळतात का, असं विचारलं, तर "जपानी भारी दिसतं" एवढंच उत्तर आलं. तर मी सदाशिव पेठेत बसून, जर्मन रिवाजाच्या चिनी स्विचवर, जपानी अक्षरांकडे बघत मराठी लिहू लागणार होतो.

लागणार होतो, कारण आधी स्विचना वंगण द्यायचं होतं. कंपनीने दिलेलं असतं, पण ते 'सगळ्यांना' चालत नाही. एका स्विचचे चार भाग: वरचं झाकण, दांडी, स्प्रिंग, खालचा डबा. चौऱ्याऐंशी चोक तीनशे छत्तीस. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, चित्रकाराचा सगळ्यात बारीक ब्रश घेऊन आम्ही मामाभाचे सकाळी दहाला बसलो. वंगण जास्त झालं की स्विच मंदावतो, कमी झालं की खरखरतो. साडेतीनला बायको म्हणाली, "एवढ्या वेळात दिवाळीच्या करंज्या झाल्या असत्या, आणि खाताही आल्या असत्या."

सत्तेचाळिसाव्या स्विचची स्प्रिंग चिमट्यातून उडाली. फ्रिजखाली दोन नाणी, एक गोटी आणि हरवलेलं कुकरचं शिट्टीचं वजन सापडलं. स्प्रिंग नाही. शेवटी भाच्याने नाइलाजाने पट्टीवरचा तपकिरी उपटून एका बटणाखाली खुपसला. "तात्पुरता हं, मामा."

आवाज मात्र अप्रतिम होता. त्याला थॉक म्हणतात. पावडर मारलेल्या बोर्डावर कॅरमची सोंगटी पडावी तसा, ओलसर आणि गोल. पहिल्या संध्याकाळी मी नुसता आवाजच टाइप केला.

मग काम सुरू झालं. मी इन्स्क्रिप्ट नावाच्या मराठी कीबोर्ड-मांडणीत लिहितो: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. डावी चार बोटं मधल्या ओळीवर टेकली की त्यांच्याखाली क्रमाने ओकार, एकार, पाय मोडायचं चिन्ह आणि पहिली वेलांटी. जुन्या कीबोर्डवर मी बोटं टेकवून विचार करत बसायचो, आणि ते रबर बिचारं सहन करायचं. हे नवे स्विच पंचेचाळीस ग्रॅमच्या आत शरण जातात. बटण चार मिलिमीटर जातं, दोनवरच अक्षर उमटतं, आणि मध्ये कोणी 'पायरी आहे हं' म्हणत नाही. 'स्पिन'ला मराठीत काय म्हणावं या विचारात मी असलो की पडद्यावर मात्रांचा पाऊस.

आठवड्याने गिऱ्हाइकाचा फोन. "सर, पान सातवर 'मशीन चालू असताना झाकण उघडू नयेेेे' असं आहे. ते ओरडून सांगायचंय का?"

रात्री मजकूर तपासायला बसलो. एकार जागोजागी सांडलेले, ओकार दुप्पट, वेलांट्या व्यंजनाविना ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळणाऱ्या. पण नको तिथे पाय मोडलेलं अक्षर एकही नव्हतं. चाळीस पानांत एकही नाही. मधल्या बोटालाच एवढी अक्कल कुठून आली? बटण काढून पाहिलं. खाली तो तात्पुरता तपकिरी.

दुसऱ्या दिवशी मी तडक तपकीर गल्लीत गेलो. (सम तारखेला विषम बाजूला गाडी लावली, तो खर्च वेगळा.) विजेचं जे जे काही आहे ते त्या गल्लीत मिळतं, असं आमच्याकडे समजतात. शिवाय नावातच रंग.

"तपकिरी स्विच आहेत?"

"किती अँपिअर?"

"बोटाला जरा अडथळा लागला पाहिजे."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, मागच्या फळीवरून जुन्या घरांतला तो गोल, काळपट तपकिरी, टक्कन बसणारा स्विच काढला आणि पुसून समोर ठेवला. खरं सांगतो, दाबायला तो सगळ्यांत उत्तम होता. एक घेतला.

कीबोर्डाचे तपकिरी शेवटी ऑनलाइन मागवले. चिमट्याने जुने उपटायचे, नवे दाबायचे, डाग देणं वगैरे काही नाही. पाऊण तासात झालं. वंगण? नाव काढू नका.

गेल्या रविवारी भाचा आला. दोन बटणं दाबली आणि दुखवट्याला आल्यासारखा बसला. "पूर्ण बोर्ड ब्राऊन?"

"पूर्ण."

"मामा, लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात बायको दुधाचा हिशेब लिहायला कॅलेंडरपाशी गेली. तिने पेनाचं टोक दाबलं. टॉक. भाच्याने मान वळवली.

"मामी, परत कर."

टॉक.

"हे पेन कुठलं?"

"बँकेतलं फुकटचं. आतली स्प्रिंग गेली होती, मग पोळपाटाखाली एक सापडली, ती घातली. जरा आखूड आहे, पण चालते." तिने पुन्हा दाबलं. "का रे?"

भाचा पेन कानाशी धरून बसला होता. पोहे गार झाले.